पळस ‘लवकर’ फुलला, म्हणजे नेमका कधी?

फेब्रुवारीचा दुसरा-तिसरा आठवडा आला की विदर्भातल्या वर्तमानपत्रांत एक फोटो हमखास येतो. निष्पर्ण पळस, फांद्यांवर केशरी फुलं, मागे निळं आकाश. खाली दोन-तीन ओळी असतात: कडाक्याची थंडी सरली, वसंताची चाहूल लागली, पळस बहरला, रानाला जणू वणवा लागला. गेल्या काही वर्षांत त्यात आणखी एका ओळीची भर पडलीय. यंदा पळस नेहमीपेक्षा लवकर फुलला, हवामानबदलाचा परिणाम. हाच मजकूर मग व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, शाळेतल्या निबंधात जातो, आणि दोन-तीन वर्षांनी एखाद्या शोधप्रस्तावाच्या पहिल्या पानावर ‘समस्येची पार्श्वभूमी’ या मथळ्याखाली येऊन बसतो.

आज याच चार ओळींचं परीक्षण करायचं आहे. फोटोवर माझा आक्षेप नाही. उमरखेडहून ढाणकी-बिटरगावकडे जाताना किंवा पैनगंगेच्या काठाकाठाने गेलं की या दिवसांत जे दिसतं ते पाहून कुणालाही दोन ओळी लिहाव्याशा वाटतीलच. पण तुम्ही पेटची तयारी करताय, उद्या संशोधन समितीसमोर बसणार आहात, आणि तुमच्यापैकी काहींनी मला ‘आमच्या भागातल्या झाडांच्या फुलण्यावर काम करता येईल का’ असं विचारलंय. येईल, नक्की येईल. पण आधी या चार ओळी नीट वाचता आल्या पाहिजेत. त्या दिसतात वर्णनासारख्या, आणि आत तीन दावे लपलेले आहेत: हा वसंत आहे, तो थंडी संपल्यामुळे आला, आणि तो लवकर आला.

पहिल्या दाव्यापासून सुरुवात करू. पंचांग उघडा. चैत्र-वैशाख म्हणजे वसंत. माघ-फाल्गुन म्हणजे शिशिर. आपल्याकडे पळस ऐन भरात असतो तो साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे माघ-फाल्गुनात. पंचांगाच्या हिशेबाने पळस शिशिरात फुलतो! वसंतपंचमी माघातच येते, ते कोडं वेगळं. सायन गणनेने सूर्य मीन राशीत शिरला की, म्हणजे साधारण १९ फेब्रुवारीला, वसंत धरतात. त्या हिशेबाने पळस वसंतात बसतो. म्हणजे एकाच झाडाचं तेच फूल एका गणनेत शिशिराचं आणि दुसऱ्या गणनेत वसंताचं. संशोधनात ‘वसंत’ हा शब्द वापरायचा असेल तर कुठला वसंत ते आधी सांगावं लागेल. (उमरखेड तालुक्यात ‘वसंत’ म्हटलं की बऱ्याच जणांना आधी पोफाळीचा साखर कारखाना आठवतो, तोही एक अर्थ धरायला हरकत नाही.)

दुसरा दावा जास्त गंभीर आहे, कारण त्यात कार्यकारणभाव आहे. ‘थंडी सरली आणि फुलं आली.’ हे वाक्य आपल्याकडे कुठून आलं असेल? ज्या देशांत तीन-चार महिने जमीन गोठते, तिथे ते शब्दशः खरं आहे. इंग्लंडमध्ये नॉर्फकच्या रॉबर्ट मार्शम या गृहस्थाने १७३६ पासून आपल्या जमिनीवर वसंताच्या खुणा टिपायला सुरुवात केली: पहिलं फूल कधी, पहिलं पान कधी, कोकिळेची पहिली साद कधी. त्याच्या घराण्याने हे काम १९५८ पर्यंत चालवलं. दोनशेहून जास्त वर्षं! फिनॉलॉजी, म्हणजे सजीवांच्या वेळापत्रकाचा अभ्यास, या शाखेच्या कुठल्याही पुस्तकात हे नाव सुरुवातीलाच येतं. तिथल्या झाडांना पुरेशी थंडी आणि नंतरची ऊब ही दोन्ही लागतात. हिवाळा कठोर, झाड झोपलेलं, ऊब आली की जागं होतं. ही गोष्ट तिथल्या झाडांची आहे.

आपलं रान त्या जातीचं नाही. उमरखेडच्या आसपासचं, पैनगंगा अभयारण्यातलं जंगल हे शुष्क पानझडीचं जंगल. साग, धावडा, मोह, पळस, सालई. इथे पानं गळतात ती मुख्यतः पाणी संपत आल्यामुळे. ऑक्टोबरनंतर पाऊस थांबतो, जमिनीतला ओलावा उतरत जातो, आणि झाड खर्च कमी करतं. पान हा झाडाचा सगळ्यात मोठा खर्च, कारण पाणी तिथूनच उडतं. पानं टाकली की खोडात जे पाणी उरलंय ते टिकतं, आणि त्यावर फुलं काढता येतात. मध्य अमेरिकेत कोस्टा रिकाच्या कोरड्या जंगलात रॉल्फ बोर्शर्ट यांनी १९९४ मध्ये हेच दाखवलं: भर दुष्काळात निष्पर्ण फांद्यांवर फुलं येतात याचं कोडं खोडातल्या साठवलेल्या पाण्याने सुटतं. आपल्या देशात विंध्य भागातल्या झाडांवर बनारस हिंदू विद्यापीठाच्या के. पी. सिंह आणि सी. पी. कुशवाहा यांनी काम केलं. त्यांचा २००६ चा लेख तुम्ही वाचाच. झाड कोणत्या ऋतूत फुलतं आणि तेव्हा अंगावर पानं असतात की नसतात, या दोन गोष्टींचा संबंध लावून त्यांनी झाडांचे गट पाडले आहेत. एवढी साधी कल्पना, पण पळस, पांगारा, काटेसावर, गणेर हे सगळे निष्पर्ण का फुलतात याकडे बघण्याची दिशाच बदलते.

आता पुन्हा तो फोटो पाहा. निष्पर्ण झाडावर फुलं दिसली की आपल्याला वाटतं, हिवाळ्याने झोडपलेलं झाड पुन्हा जिवंत झालं. प्रत्यक्षात ते झाड उन्हाळ्याच्या तोंडावर उभं आहे. त्याचा कठीण काळ संपलेला नाही, तो समोरच आहे. एप्रिल-मे आणि अर्धा जून जायचाय. पळसाचं हे गणितही मजेदार आहे: फुलं आत्ता, शेंगा कडक उन्हात, आणि बी जमिनीवर पडतं ते पावसाच्या थोडं आधी. म्हणजे पहिल्या फुलाचा संबंध मागच्या थंडीपेक्षा पुढच्या पावसाशी जास्त असू शकतो. ‘थंडी सरली म्हणून’ या एका उभयान्वयी अव्ययाने आपण सगळा अभ्यास उलट्या दिशेने नेतो. मग प्रस्तावात किमान तापमानाचे आकडे गोळा होतात, आणि मागच्या मोसमात पाऊस कधी थांबला, जमीन मुरमाड की काळी, पानं कधी गळाली, हे विचारायचं राहूनच जातं. तापमानाचा काहीच संबंध नसतो असं मी म्हणत नाहीये. दिवसाच्या लांबीचाही असतो. पण उत्तर गृहीत धरून प्रश्न विचारला की तो प्रश्न राहत नाही.

तिसरा दावा: लवकर. इथे मला जास्त वेळ थांबायचंय, कारण इथेच बहुतेकांचा पाय घसरतो.

‘लवकर’ हा तुलनेचा शब्द. कशापेक्षा लवकर? गावात विचारा. सांगणारी व्यक्ती साठ-सत्तरीची असेल तर उत्तर होळीवरून येईल. ‘पूर्वी होळीला फुलायचा, रंग करायचो आम्ही फुलांचा. आता होळी लांब असतानाच फुलून जातो.’ हे ऐकलं की आपण भारावतो. पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान, प्रत्यक्ष अनुभव! तो खरा आहेच. पण होळी हलते.

आपले महिने चांद्र. बारा चांद्रमास हे सौरवर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी कमी भरतात, म्हणून होळी दर वर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकते, आणि अधिकमास आला की एकदम एकोणीसेक दिवस पलीकडे उडी मारते. मागची चार धुळवडी घ्या. २०२२ मध्ये १८ मार्च. २०२३ मध्ये ७ मार्च. त्या वर्षी अधिक श्रावण आला, म्हणून २०२४ मध्ये २५ मार्च. २०२५ मध्ये १४ मार्च. आता कल्पना करा, तुमच्या बांधावरचा पळस इतका शिस्तीचा आहे की चारही वर्षं बरोबर २० फेब्रुवारीलाच त्याला पहिलं फूल आलं. धुळवडीपासून मोजलं तर ते फूल २०२२ मध्ये २६ दिवस आधी, २०२३ मध्ये १५ दिवस आधी, २०२४ मध्ये ३४ दिवस आधी आणि २०२५ मध्ये २२ दिवस आधी आलं. झाड जागचं हललेलं नाही, तारीख एका दिवसानेही बदललेली नाही. तरी २०२४ मध्ये गावभर चर्चा: यंदा पळस किती लवकर फुलला! मागच्या वर्षीपेक्षा एकोणीस दिवस लवकर!

जगभरात तापमानवाढीमुळे फुलण्याच्या तारखा किती सरकल्या याचे अंदाज बहुधा एका दशकाला काही दिवस अशा मापात असतात. आणि आपल्या मोजपट्टीतच एका वर्षात एकोणीस दिवसांचा झोल. या मोजपट्टीने हवामानबदल मोजायला निघालात तर जे सापडेल ते अधिकमासाचं वेळापत्रक असेल.

केरळशी तुलना करा, म्हणजे मुद्दा पक्का बसेल. तिकडे बहावा आणि विशू यांचं नातं आपल्या पळस-होळीसारखंच आहे. विशूच्या पहाटे बहाव्याची पिवळी फुलं पुढ्यात लागतातच. तिथेही लोक म्हणतात की बहावा हल्ली विशूच्या आधीच फुलून जातो. पण विशू हा सौर सण, एप्रिलच्या १४-१५ तारखेला ठरलेला. म्हणून तिथल्या आजीबाईंचं वाक्य मोजपट्टीवर ठेवता येतं. ‘सीझनवॉच’ या नागरिक-विज्ञान उपक्रमाला केरळच्या शाळांतून एवढा प्रतिसाद मिळाला, आणि बहावा-विशूचा प्रश्न तिथे नोंदींवर तपासता येऊ लागला, त्यामागे हे एक कारण आहे असं मला वाटतं. आपल्याकडच्या आजीबाईंचं निरीक्षण कमी प्रतीचं नाही. फक्त त्याचं भाषांतर करावं लागतं: कोणत्या सालची होळी, ती त्या साली कोणत्या तारखेला आली, त्या आधी अधिकमास होता का. जुनी पंचांगं मिळतात, तारखा काढता येतात. हे काम कंटाळवाणं आहे, आणि म्हणूनच अजून कुणी फारसं केलेलं नाही. विषय शोधताय ना?

आता दुसरी गोम. ‘पहिलं फूल’. स्वागत नेहमी पहिल्याचं होतं, हे मनुष्यस्वभावाला धरून आहे. पण मोजमाप म्हणून पहिलं फूल ही फार फसवी गोष्ट आहे. तीस मुलांच्या वर्गातला सगळ्यात उंच मुलगा आणि तीन हजार मुलांच्या शाळेतला सगळ्यात उंच मुलगा, यांत कोण जास्त उंच निघेल? उघड आहे. मुलं तीच, वाढ तीच, फक्त संख्या मोठी झाली की टोकाचा नमुना सापडायची शक्यता वाढते. पहिल्या फुलाचंही तसंच. जितकी झाडं जास्त, जितके डोळे जास्त, तितकं ‘पहिलं’ फूल अलीकडे सरकतं. वीस वर्षांपूर्वी उमरखेड तालुक्यात किती लोकांच्या खिशात कॅमेरा होता? आज प्रत्येकाच्या आहे. त्यामुळे तालुक्यातल्या हजारो पळसांपैकी जो एखादा आगाऊ पळस जानेवारीतच फुलतो, त्याचा फोटो आता संध्याकाळपर्यंत सगळ्या गटांवर फिरतो. तो पूर्वीही फुलत असेल, कुणी सांगायला आलं नाही.

उलटही होतं. रस्ता रुंद झाला, कडेचे पळस तुटले, तर उरलेल्या थोड्या झाडांत आगाऊ झाड सापडायची शक्यता कमी. मग पहिलं फूल उशिरा ‘येतं’, आणि आपण म्हणतो पळस उशिरा फुलू लागला. अब्राहम मिलर-रशिंग, डेव्हिड इनोये आणि रिचर्ड प्रायमॅक यांचा २००८ चा लेख याच प्रश्नावर आहे: झाडांची संख्या आणि किती वेळा पाहणी केली, यामुळे पहिल्या फुलाची तारीख किती बिघडते. हे लोक पहिल्या फुलाच्या नोंदींच्या विरोधात नव्हते, हे लक्षात घ्या. प्रायमॅक आणि मिलर-रशिंग यांनीच कॉन्कर्ड गावात हेन्री डेव्हिड थोरोच्या १८५० च्या दशकातल्या वह्या घेऊन आजच्या नोंदींशी ताडून पाहिल्या आणि फुलणं सरासरी सातेक दिवसांनी अलीकडे आल्याचं दाखवलं. ज्या नोंदींवर आपलं काम उभं आहे त्यांच्यावरच त्यांनी पुढे शंका घेतली. परीक्षण म्हणतात ते हे.

जपानचं उदाहरण तुम्हाला कुणीतरी देईलच, म्हणून आधीच सांगते. क्योतोच्या चेरीच्या नोंदी ८१२ सालापासूनच्या मिळतात. यासुयुकी आओनो यांनी दरबारी रोजनिशा आणि वृत्तान्त चाळून त्या जुळवल्या. २०२१ मध्ये पूर्ण बहर २६ मार्चला आला, तोवरच्या बाराशे वर्षांतला सगळ्यात लवकरचा. आपल्याकडे असं काही का नाही, असा उसासा सेमिनारमध्ये ऐकू येतो. पण बघा, आओनोंनी पहिलं फूल मोजलेलं नाही, पूर्ण बहर मोजला आहे. उत्सव बहराचा असतो, म्हणून रोजनिशीत बहराचीच तारीख येते. स्वागताची रीत कशी आहे यावर पुरावा कसा मिळणार हे ठरतं. आपली रीत पहिल्या फुलाची आणि चांद्र सणाची, त्यामुळे आपला पुरावा दोन्ही बाजूंनी डळमळीत.

मग मराठी साहित्याचं काय? दुर्गाबाईंचं ‘ऋतुचक्र’ आहे ना, असं तुम्ही म्हणाल. आहे, आणि ते १९५६ पासून वाचलं जातंय. बारा महिन्यांचे बारा लेख, चैत्रापासून फाल्गुनापर्यंत. निसर्गावरच्या मराठी ललित लेखनात त्याच्या जवळपास जाणारं फार थोडं आहे असं माझं मत. वर्तमानपत्रातल्या त्या चार ओळी आणि ‘ऋतुचक्र’ यांत फरक शैलीचा नाही. चार ओळी झाड एकदाच बघतात, फुललेलं असताना. दुर्गाबाई महिन्यामागून महिना बघत राहतात. फूल नसलेल्या झाडालाही त्यांच्याकडे जागा आहे. मला हा संशोधकाचा गुण वाटतो, आणि तो आकाशातून पडलेला नाही. दुर्गाबाईंनी घुर्ये यांच्या हाताखाली संशोधन केलं होतं, मध्य प्रांतातल्या आदिवासींवर डॉक्टरेटचं काम सुरू केलं होतं, आणि त्या भटकंतीत जडलेल्या आजारपणाने ते अपुरं राहिलं. कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून काढावी लागली. गाईडने पान परत पाठवलं म्हणून आठवडाभर रुसून बसणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

पण ‘ऋतुचक्र’ पुरावा म्हणून वापरायचं का? नाही. निदान सरळ नाही. त्याचे महिने चांद्र आहेत, म्हणजे वरचा सगळा होळीचा घोळ तिथेही लागू. शिवाय लेखिकेचं बरंच आयुष्य मुंबईत गेलं, आणि कोकणपट्टीच्या दमट हवेतलं झाड व यवतमाळच्या काळ्या जमिनीतलं झाड यांचं वेळापत्रक एकच असेल असं धरता येत नाही. आणि मुख्य म्हणजे ते पुस्तक त्या कामासाठी लिहिलेलंच नाही. ‘ऋतुचक्र’मध्ये अमुक महिन्यात अमुक फुलतं, आणि आज ते फुलत नाही, म्हणून हवामान बदललं, असा निष्कर्ष काढणं म्हणजे पुस्तकावरही अन्याय आणि झाडावरही. ललित लेखनाचा उपयोग दुसरा आहे. काय बघायचं हे त्यातून कळतं. प्रश्न तिथून घ्या, आकडे दुसरीकडून आणा.

आकडे कुठून आणायचे? उमरखेडपुरतं बोलू. इतिहासात एक अडचण आहे. पैनगंगेच्या अलीकडे वऱ्हाड, ब्रिटिशांच्या कारभारात, आणि पलीकडे हदगावची बाजू निजामाच्या हैदराबाद संस्थानात. नदीच्या दोन काठांवरचा पळस एकच, दप्तरं दोन. एक काठ तपासलात की अर्धंच काम झालं. वनस्पतींची जुनी पुस्तकं घेतली तर थिओडोर कुकची मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची (१९०१-१९०८) सगळे उद्धृत करतात, पण वऱ्हाड मुंबई इलाख्यात नव्हतंच. प्रबंधात यवतमाळच्या झाडासाठी कुकचा दाखला दिसला की परीक्षकाने तिथे पेन्सिल टेकवली म्हणून समजा. तुमच्या कामाचं पुस्तक आहे ते ‘फ्लोरा ऑफ यवतमाळ डिस्ट्रिक्ट’, कार्तिकेयन आणि आनंदकुमार यांचं, भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने १९९३ मध्ये काढलेलं. अशा पुस्तकात बहराचे महिने असतात, तारखा नसतात. तारखा असतात हर्बेरियमच्या कागदांवर. वाळवलेली फांदी, फुलासकट, आणि कोपऱ्यात चिठ्ठी: कुठे, कधी, कुणी तोडली. पुण्याला सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागात आणि मुंबईला झेवियर्सच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये असे कागद जपलेले आहेत. फुललेल्या फांदीचा कागद हा ‘या दिवशी हे झाड फुललेलं होतं’ याचा साक्षीदार. तो पहिल्या फुलाचा साक्षीदार नाही, आणि तेच त्याचं बळ. वनस्पतिशास्त्रज्ञ काही पहिल्या फुलाची वाट बघत बसलेला नव्हता.

प्रत्यक्ष बघण्याला मात्र पर्याय नाही. एक अभ्यास सांगते. पळसाच्या बहरावर पक्ष्यांची झुंबड उडते हे कुणीही सांगेल. मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर, पोपट. पक्षी आले म्हणजे परागीभवन झालं, असं आपण धरून चालतो. राजेश टंडन, के. आर. शिवण्णा आणि मोहन राम यांनी दिल्लीत झाडांखाली बसून पाहिलं आणि २००३ मध्ये लिहिलं. एवढ्या सगळ्या पाहुण्यांत कामाचे परागवाहक निघाले जांभळा शिंजीर आणि तीन पट्ट्यांची खार. खार! फोटोत ती कधी नसते. फुलाचं स्वागत करायला गर्दी जमते, पण फुलाला उपयोग कुणाचा, हे फांदीखाली तास मोजल्याशिवाय कळत नाही.

आता ज्या फुलाची बातमी होत नाही त्याविषयी. पळसानंतर, मार्च-एप्रिलमध्ये, मोह. मोहाचं फूल दिसायला बेताचं, फिकट, फोटोत काहीच उठून दिसत नाही. ते रात्री-पहाटे गळतं, आणि उजाडायच्या आत माणसं टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. उमरखेड तालुक्याच्या जंगलकाठच्या गावांत, आंध, गोंड, कोलाम घरांत, हा वर्षातला रोख पैशाचा एक हंगाम आहे. २०२१ मध्ये राज्य सरकारने मोहफुलांच्या संकलनावरचे, साठवणुकीवरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध उठवले, त्याचा अर्थ इथे थेट चुलीपर्यंत पोचतो. पळस आठ दिवस मागेपुढे झाला तर बातमी बदलते. मोह आठ दिवस मागेपुढे झाला, किंवा ऐन गळतीत अवकाळी पाऊस आला, तर घरातलं मीठ-तेल बदलतं.

आणि गंमत अशी की पुरावा म्हणूनही मोह पळसापेक्षा कितीतरी चांगला. पळस लोक बघतात, मोह वेचतात. वेचणारी बाई रोज त्याच झाडांखाली जाते, पहिल्या फुलापासून शेवटच्या फुलापर्यंत. टोपली भरली की अर्धीच राहिली हे तिला ठाऊक असतं. म्हणजे तीच झाडं, रोजची पाहणी आणि प्रमाण, या तिन्ही गोष्टी तिथे आपोआप येतात. शहरातल्या नागरिक-विज्ञान उपक्रमांना याच गोष्टी शिकवण्यासाठी कार्यशाळा घ्याव्या लागतात. ‘सीझनवॉच’मध्येही सांगतात ते हेच: एकच झाड धरा, दर आठवड्याला बघा, फूल नाही, थोडी, भरपूर एवढंच लिहा. ‘नाही’ लिहायला विसरू नका. १० जानेवारीला फूल नाही, १७ ला नाही, २४ ला थोडी, असं असेल तर पहिलं फूल १७ ते २४ च्या मध्ये आलं एवढं ठामपणे म्हणता येतं. नुसत्या २४ तारखेच्या फोटोवरून काहीच म्हणता येत नाही. आदल्या आठवड्यात तुम्ही तिथे गेलाच नव्हता, असंही असू शकतं.

म्हणून माझं मत असं: या विषयावर प्रस्ताव लिहायचा असेल तर शीर्षकातून ‘वसंत’ आणि ‘लवकर’ हे दोन्ही शब्द काढा. पळस ठेवायचा तर ठेवा, पण मोह घ्याच. ठरावीक झाडं निवडा, दहा असली तरी चालतील, त्यांना क्रमांक द्या, काही मुरमाड माळावरची, काही काळ्या जमिनीतली, काही नदीकाठची. पत्रावळीसाठी ज्यांची पानं ओरबाडली जातात ते पळस वेगळे टिपा, त्यांचं वेळापत्रक वेगळं असू शकतं. मागच्या पावसाचा शेवट कधी झाला ते तालुक्याच्या पर्जन्यनोंदीतून घ्या. तीन वर्षांच्या पीएच.डी.त हवामानबदल सिद्ध होणार नाही, तो नाद सोडा. पण आपल्या रानात पहिलं फूल कशावर अवलंबून आहे, पाण्यावर, जमिनीवर की थंडीवर, याचं थोडंफार उत्तर नक्की मिळेल, आणि ते उमरखेडसाठी अजून कुणी दिलेलं माझ्या पाहण्यात नाही.

मोह वेचणाऱ्यांशी बोलायला जाल तेव्हा सकाळी दहानंतर जा, त्याआधी त्या कामात असतात. पहिली टोपली कधी घरी आली असं विचारा, फूल कधी दिसलं असं नको. त्या तारीख सांगणार नाहीत, होळीवरून किंवा पाडव्यावरून सांगतील. ऐकून घ्या, लिहून घ्या, आणि मग हळूच विचारा: मावशी, हे कोणत्या सालचं?